पाळीपाळीने चराई

(मंडईच्या आवारात शेतकरी, माळी, धनगर व कारागीर मंडळींच्या बैठकीपुढे केलेले भाषण. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते छापून मागितले, म्हणून येथे देत आहो.)



मंडईत उभे राहून गवतावर बोलणाऱ्यास लोक वेड्यात काढतील, हे आम्ही जाणून आहो. येथे मेथीचा भाव बोलावा, वांग्याचा बोलावा, आणि भाव बोलून झाला की राजकारण बोलावे. पुणेकर थट्टेने ह्या जागेस मंडई विद्यापीठ म्हणतात ते उगीच नव्हे. पण रोज सकाळी ह्या गाळ्यांत जी मेथी, कोथिंबीर, चाकवत येते ती नुसती भाजी असते काय? तो आमच्या रानाचा कस असतो, जुडी बांधून विकावयास आणलेला. कस इकडे येतो, आणि परत काय जाते? एके काळी ह्या शहराचे सोनखत उसाच्या मळेवाल्यांस विकत मिळे. तेवढे तरी माघारी जाई. आता घाऊक बाजार गुलटेकडीस गेला, आणि आमच्या गाडीतून माघारी जातात रिकामी खोकी व अडत्याची पट्टी. मग कस भरून काढावयाचा तो दुकानातल्या गोणीने. आणि गोणी तर उधारीची. गोणीस शिव्या देण्यास आम्ही आलो नाही. गोणी आम्हीही आणतो. आमचे म्हणणे एवढेच की, दारात जी चार पायांची लक्ष्मी उभी आहे तिला आपण कशी फिरवितो, कोठे चारितो आणि कोठे बसवितो, ह्याचा हिशेब कोणी करीत नाही.

ह्या इमारतीविषयी दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. ती १८८६ साली उघडली तेव्हा तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांचे नाव होते. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा ओतण्यास त्यांचा विरोध होता; तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास लावावा असे ते म्हणत. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने ह्याच इमारतीस जोतीरावांचे नाव मिळाले. काळाची थट्टा म्हणा की न्याय म्हणा. आज त्या नावाशी आमचे काम आहे ते निराळ्या कारणाने. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या पुस्तकात जोतीरावांनी गायरानाची फिर्याद मांडली आहे. थोड्या जमिनीचा शेतकरी पूर्वी जवळच्या रानातला पाला, फुले, फळे खाऊन व विकून, आणि एकदोन गाया, चार शेळ्या पाळून गावातच दिवस काढी. सरकारच्या जंगलखात्याने डोंगर, दरे, पडीक जमिनी व गायराने आपल्या घशात घातली, आणि गरिबाच्या शेळीस उभे राहावयास जागा ठेविली नाही, असा त्या फिर्यादीचा मतलब. १८७८ चा जंगल कायदा झाला त्याला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. त्याच पुस्तकात त्यांनी डोंगरावरचा पालापाचोळा व गवताचे खत पावसाने वाहून शेतात मुरावे म्हणून ताली बांधण्याची सूचना केली आहे. रान, जनावर आणि शेत ही तीन निरनिराळी खाती नव्हेत, हे त्यांना कळले होते. आम्ही मात्र ते विसरलो.

आता मुद्द्यावर येतो. डोंगर उघडे झाले, माळ बोडके झाले, ह्याचा दोष सरसकट शेळ्यामेंढ्यांच्या माथी मारण्याची आपल्याकडे चाल आहे. आम्ही म्हणतो, जमीन जनावराच्या तोंडाने मरत नाही. जनावर तेथून हलत नाही म्हणून मरते. हे नीट समजून घ्यावयाचे तर गवत कसे वाढते ते आधी पाहिले पाहिजे.

झाडाचा शेंडा खुडला तर त्या फांदीची वाढ खुंटते. गवताचा वाढीचा कोंब तसा वर नसतो; तो बराच काळ बुडाशी, जमिनीलगत दडलेला असतो. म्हणून वरची पाती जनावराने खाल्ली तरी गवत पुन्हा फुटते, आणि बेताने खाल्ले तर फुटवेही जास्त धरते. परंतु ती नवी पाती फुटण्यास लागणारे अन्न ते आपल्या बुडख्यातून व मुळांतून काढते. कणगीतले दाणे काढून पेरावेत तसाच हा प्रकार. पाती वाढून, उन्हात अन्न करून, कणगी पुन्हा भरीपर्यंत त्यास अवधी पाहिजे. तो न देता आठव्या दिवशी तेच कोवळे पान खाल्ले, पंधराव्या दिवशी पुन्हा खाल्ले, म्हणजे कणगी रिकामी झालीच. मुळे आखूड होतात. आखूड मुळांना खालचे पाणी पोचत नाही. आणि पाऊस आठ दिवस लांबला की गड्डा वाळून जातो. जनावर काही मूर्ख नाही. मोकळे सोडले तर ते जून, भरड गवताकडे ढुंकून पाहत नाही. नव्याने फुटलेले तेच ते गोड गवत हुडकून खाते. म्हणून मोकळ्या चराईत चांगले गवत आधी मरते आणि वाईट मागे राहते. आपल्या देशावरच्या माळांचे मूळचे धन म्हणजे मारवेल, पवन्या, शेडा. ते गेले की कुसळी माजते. कुसळीलाही सुख दिले नाही तर बोटभर कुसळे उरतात. शेवटी तरवड आणि उघडा मुरूम. ज्या माळावर तरवडाखेरीज काही हिरवे दिसत नाही त्या माळाचा इतिहास दुसऱ्या कोणास विचारावयास नको.

खुराचेही असेच आहे. कोरड्या जमिनीवर कळप एकदा धावून गेला तर वरची खपली फुटते, पडलेले बी मातीत दाबले जाते, लेंडी व मूत पसरते, हे चांगलेच. तोच कळप चिखलात रोज फिरला तर काळी जमीन अंगणासारखी चोपून निघते आणि पुढच्या सरीचे पाणी आत न जाता ओढ्याला धावते.

आता आमच्या गावाची गोष्ट सांगतो. गाव पुरंदराच्या पूर्व अंगाचे, कमी पावसाचे. नाव सांगत नाही, कारण हिच्यात आमचीच लाज आहे. गावाला ऐंशीएक एकर गायरान. आमच्या लहानपणी सारे गाव त्यावर गुरे सोडी आणि कोणी कोणास विचारीत नसे. माळ चोपडा झाला. मग पाणलोटाचे काम आले आणि त्याबरोबर चराईबंदीचा ठराव आला. बैठकीत हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. पाटी लागली, दंड ठरला. दोन पावसाळ्यांत गुडघाभर गवत उभे राहिले. साहेब आले, फोटो निघाले. मग गवत कापण्याचा लिलाव झाला, आणि ज्याच्या गोठ्यात म्हशी व दारात ट्रॅक्टर त्याने तो घेतला. आमच्या आळीच्या टोकाला एक कुंभारीण होती. तिच्या सहा शेळ्या. तिला ना शेत ना बांध. शेळी बांधून घालावयास वैरण आणणार कोठून? तिने त्या सहाही बाजारात नेऊन विकल्या. पुढे एकदा वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, “गवत लई वाढलं दादा, पण माझ्या पोरीची शाळा त्यात गेली.” ह्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. अजूनही सुचत नाही.

बरे, गवताचे तरी भले झाले काय? पहिली तीनचार वर्षे झाले. पुढे जे कापले गेले नाही ते जुने गवत जागच्या जागी वाळून करडे पडले, त्याखाली नव्या फुटव्यास ऊन मिळेना, आणि एका चैत्रात कोणाच्या तरी विडीने सारे पेटले. जनावर कधीच न येणे हेही गवतास मानवत नाही, हे तेव्हा आमच्या डोळ्यांनी पाहिले.

येथे कोणी हिवरे बाजारचे नाव घेईल, आणि ते घेतलेच पाहिजे. नगर जिल्ह्यातील ह्या गावाने १९९० च्या सुमारास पोपटराव पवार ह्यांच्या सरपंचपदाच्या काळात चराईबंदी व कुऱ्हाडबंदी केली, गवत विळ्याने कापून न्यावयाची मुभा ठेविली, आणि शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास मनाई केली. रोजचे दूध दीडशे लिटरांच्या घरातून चार हजारांच्या घरात गेले. त्या गावास नावे ठेवण्याची आमची ताकद नाही. पण तेथील बंदीस एकजूट गाव मिळाले होते, आणि नंतर गवत घरोघर पोचले. नुसती पाटी उचलून आपल्या गावात रोविली म्हणजे हिवरे बाजार होत नाही. अनेक गावांत बंदीचे कष्ट शेळीवाल्याने काढले आणि गवत म्हैसवाल्याने नेले.

आमच्या गावाने शेवटी मधला मार्ग धरला. गायरानाचे चार भाग केले. ओढा, वाट आणि दगडांची रांग एवढ्याच खुणा, तारेचे कुंपण नाही. मृगाचा पाऊस पडला की पाच-सहा आठवडे कोणीच कोठे शिरावयाचे नाही; गवत वीतभर झाल्यावरच दावे सोडावयाचे. हे आठवडे फार कठीण, हे आम्ही लपवीत नाही. कडबा संपलेला असतो, बांधाचे गवत अजून हाताला लागत नसते, आणि समोर हिरवा माळ दिसत असतो. शेवरी-हादग्याचा पाला ज्याने लावून ठेविला तो तरतो. नंतर तीन भाग पाळीने चारावयाचे, एकेका भागात दहाबारा दिवस. म्हणजे एकदा खाल्लेल्या गवतास पुन्हा तोंड लागेपर्यंत वीस-बावीस दिवस मिळतात. चौथा भाग बी पडेपर्यंत बंद. दिवाळीच्या पुढेमागे तो कापावयाचा आणि मग मेंढरे-गुरे त्यात घालावयाची. पुढच्या साली बंद राहण्याची पाळी दुसऱ्या भागाची. चार वर्षांत प्रत्येक भागाला एकदा पोटभर बी टाकावयास मिळते. चराईची पट्टी ठरविली ती अशी की, एक म्हैस ती पाच शेळ्यांबरोबर.

पहिले साल ठीक गेले. दुसऱ्या साली एका वजनदार घरच्या म्हशी रात्री बंद भागात शिरल्या. पंच गप्प बसले. आठ दिवसांत साऱ्या गावाच्या शेळ्या त्याच भागात! शेळीवाल्यांस बोल कोणत्या तोंडाने लावावा? तिसऱ्या साली आम्ही राखणीचे काम पंचांकडून काढून घेतले आणि ज्यांचे पोटच गायरानावर आहे त्या घरांकडे पाळीने दिले. दंडही जनावराच्या मोलाप्रमाणे ठरविला. तेव्हापासून पाळी टिकली आहे. पूर्ण यश म्हणत नाही. पण बंद भागांत मारवेल पुन्हा दिसू लागली, आधी तालींच्या ओलाव्याने आणि मग उघड्यावर. त्या कुंभारणीच्या दारात आता दोन शेळ्या आहेत. मुलीची शाळा मात्र परत आली नाही.

हे पाळीचे शास्त्र आम्ही शोधून काढले असे कोणी समजू नये. परदेशात त्यावर मोठमोठे ग्रंथ झाले. फ्रान्सातला आंद्रे व्वाझँ हा शास्त्रज्ञही होता आणि स्वतःच्या गाई चारणारा शेतकरीही. गवतास विसावा किती द्यावा आणि जनावराने एका तुकड्यात किती दिवस राहावे, ह्याचे नियम त्याने १९५७ च्या आपल्या पुस्तकात घालून दिले. पण त्याच्या मुलखात पाऊस बारा महिने. आपल्याकडे गवत वाढते ते शे-सव्वाशे दिवस. त्याचा नियम येथे जसाच्या तसा लावणे म्हणजे कोकणातले इरले घेऊन माणदेशात जाणे होय. आफ्रिकेतला अॅलन सेव्हरी तर म्हणतो की दाट कळप झपाट्याने फिरविला तर वाळवंटही हिरवे होईल. गवताचे इतर अभ्यासक हे मानीत नाहीत. जनावरांची संख्या तीच ठेवून फिरती चराई व स्थिर चराई यांची तुलना केलेल्या पुष्कळ प्रयोगांत फारसा फरक दिसला नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस ह्यातून एक गोष्ट पटते. पाळी ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे तोंडे किती हे मोजणे. पन्नास जनावरांच्या माळावर दोनशे सोडून ती कितीही फिरविली तरी माळ वाचणार नाही.

परदेशचे राहू द्या. फिरत्या चराईचे सर्वांत मोठे विद्यालय आपल्या डोळ्यांदेखत दरसाल चालून जाते आणि आपण त्यास काठी दाखवितो. आम्ही धनगरांच्या वाड्याविषयी बोलत आहो. माण, खटाव, फलटण, बारामती, शिरूर, पारनेर ह्या कमी पावसाच्या मुलखांत पावसाळा काढावयाचा, कारण मेंढराचे खूर व लोकर चिखल-झडीस टिकत नाहीत. दसरा-दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या व लहान पोरे घालून निघावयाचे. कोणी घाट उतरून कोकणात भाताच्या खाचरांत जावयाचे, कोणी देशावर काढणी झालेल्या रानांतून फिरावयाचे. आणि मृगाच्या आधी माघारी. एका माळावर मुक्काम थोडा, परत येणे वर्षाने. कैलास मल्होत्रा व माधव गाडगीळ ह्या अभ्यासकांनी १९८१ साली धनगरांची वस्ती आणि तिच्या मुलखाचे पाऊसमान व निसर्ग ह्यांचा संबंध मांडून दाखविला. विद्वानांनी लिहिले म्हणजे आपण मान डोलावतो. धनगर बाबा हेच सांगू लागला तर त्याच्या कुत्र्यावर दगड मारतो. ज्या खंडोबाला आपण जेजुरीस जाऊन भंडारा उधळतो, त्याने बाणाईसाठी तिच्या बापाची मेंढरे राखली अशी कथा आहे. देव मेंढक्या झालेला चालतो, मेंढका मात्र बांधावर आलेला चालत नाही!

धनगर रात्री मेंढरे बसवितो ती वाघर लावून. वाघर म्हणजे दोरीचे जाळे, काठ्यांवर ताणलेले. ही वाघर रोज सरकते, आणि तिच्यातच सारे मर्म आहे. आता हिशेब ऐका. एका मेंढीस दाटीने बसावयास दहा-अकरा चौरस फूट जागा लागते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेव्हा शंभर मेंढरांची वाघर म्हणजे बरोबर एक गुंठा. चारशे मेंढरांचा कळप एका रात्रीत चार गुंठे धरील, आणि दहा रात्रींत एक एकर. शेताच्या एका कडेने सुरुवात करून रोज वाघर पुढे सरकवीत नेली म्हणजे सगळ्या रानास सारखे खत, ना गाडी ना मजूर. शेतीच्या पुस्तकांत शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का आणि शेळ्यामेंढ्यांच्या लेंडीत तीन टक्क्यांपर्यंत लिहिलेले असते. हा आकडा ऐकून फार हुरळू नका. शेणखतात निम्मे पाणीच असते आणि लेंडी कोरडी, म्हणून फरक दिसतो त्याहून कमी आहे. खरा लाभ मुताचा. जनावराच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा वाटा आणि पालाशाचा त्याहून मोठा वाटा मुतात असतो. गोठ्यात ते नाल्याने वाहून जाते किंवा वाऱ्यावर उडते. वाघरीखाली ते जेथल्या तेथे मुरते. मात्र वाघर हलली की एकदोन दिवसांत वरून कुळवाची पाळी घातली पाहिजे, नाहीतर उन्हाने नत्र उडून जाते. हे न केल्यामुळे कित्येकजण म्हणतात, “मेंढरं बसवली पण गुण आला नाही.” आणि ज्वारी कापल्यावर खुंटाला कोवळी फूट आली असेल तर त्या रानात उपाशी मेंढरे सोडू नका, त्या फुटीत विष असते आणि घटकेत जनावर आडवे होते. नुकतीच औषधाची फवारणी झालेली असेल तर ते धनगरास आधी सांगा. हे न सांगितल्याने मेलेल्या मेंढ्यांचे भांडण आम्ही मिटविले आहे, आणि खरे सांगतो, नीट मिटले नाही.

पूर्वी बसवणीचे धान्य शेतकरी धनगरास आनंदाने देई. गोणी आली, बागाईत वाढली, ऊस आला, रान मोकळे राहीना; तशी वाड्याची किंमत उतरली. आज कित्येक गावांत धनगराने उलट हात जोडून जागा मागावयाची! ज्या मालाचे आपण काल पैसे मोजीत होतो तोच माल आज फुकट घेतो आणि वर उपकार सांगतो.

आता दोन एकरवाल्याविषयी. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर निघाली, म्हणजे सव्वातीन एकर. पुष्कळांची त्याहून कमी. असा माणूस विचारील, आम्ही कुरण कोठून आणावे आणि त्याचे भाग कसले पाडावे? त्यास आम्ही सांगतो, तुझे कुरण म्हणजे तुझा बांध. बांधाच्या लांबीवर खुणेचे तीस दगड ठेव. एक खुंटा, एक चऱ्हाट. शेळी आज पहिल्या दगडापाशी, उद्या दुसऱ्या. पहिल्या जागी परत येईतो महिना होतो, आणि गवत वीतभर झालेले असते. चार बोटे बुडखा शिल्लक राहिला की तेथून उठवावयाचे. पिकात तोंड जाणार नाही एवढीच दोरी ठेवावयाची. ह्यात जंताचाही बंदोबस्त होतो. शेळ्यामेंढ्यांच्या पोटात रक्त पिणारा जो जंत असतो त्याची अंडी लेंडीतून पडतात. पावसाळी उबेत आठवडाभरात त्यांच्या अळ्या होऊन गवताच्या खालच्या पात्यांवर चढतात, आणि जनावर बुडापर्यंत खाऊ लागले की त्याच्या पोटात जातात. जनावर महिना-दीड महिना तिकडे फिरकले नाही तर पुष्कळशा अळ्या उपाशी मरतात. आमच्या गायरानाच्या चार भागांच्या पाळीत हा लाभ पुरता मिळत नाही, कारण एका भागात दहाबारा दिवस मुक्काम असतो. बांधावरच्या खुंट्याला तो मिळतो. गरिबाच्या पदरात मोठ्याहून चांगली गोष्ट पडल्याचे हे एक विरळा उदाहरण.

तोंडे मोजण्याविषयी वर बोललो ते पुरे करतो. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात मेंढ्या सुमारे २७ लाख आणि शेळ्या १०६ लाख होत्या. धनगराला “मेंढरे कमी कर” म्हणणे सोपे. त्याचे घर त्यावर चालते. कमी मेंढ्यांत तेवढेच उत्पन्न कसे निघेल हे सांगाल तर तो ऐकेल. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ह्या बाबतीत खरे काम केले आहे. सुंदरबनातल्या गरोळ जातीच्या लहानशा मेंढीस जुळी होतात. तो गुण त्यांनी आपल्या दख्खनी मेंढीत उतरविला आणि नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. एका मेंढीला दोन कोकरे झाली तर माळावर तोंडे थोडी आणि घरात पैसा तेवढाच. अर्थात दोन कोकरांना पुरेल एवढे दूध आईला यावे म्हणून खुराक लागतो. पाळणाऱ्याने तो द्यावयास हवा.

कारागीर मंडळी म्हणतील, ह्यात आमचे काय? सनगर बंधूंस विचारा. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीवर घोंगडीचा माग चालत होता. घोंगडीस गिऱ्हाईक राहिले नाही, लोकरीला भाव राहिला नाही, म्हणून धनगर लोकर नसलेल्या, मांसाच्या मेंढ्यांकडे वळत आहे, आणि कातरलेली लोकर कित्येक ठिकाणी वाड्यावरच टाकून जातो. ती लोकरही नत्राने भरलेली आहे. फळझाडाच्या आळ्यात पुरली तर सावकाश कुजून खत होते. पण घोंगडी होण्याऐवजी खत होणे ही काही तिची बढती नव्हे. ज्याच्या घरात एकही घोंगडी नाही त्याने आज येथून जाताना एवढे लक्षात ठेवावे.

शेवटी गायरानाच्या मालकीचे. १८८३ साली जोतीरावांनी जंगलखात्यावर बोट ठेविले. आज गायराने खाणारे हात गावातलेच आहेत. कोठे सरकारी कामाला जागा म्हणून, कोठे मंगल कार्यालय म्हणून, कोठे रातोरात पडलेले प्लॉट म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य ह्या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा ताबे काढून त्या गावाला परत कराव्यात असा निकाल दिला. त्याच निकालात भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती अशांना दिलेल्या जागांस अपवादाची सोयही ठेविली, आणि ती योग्यच होती. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनंतर ज्यांनी पडीक माळ फोडून दोन एकर कसली, त्यांच्या बाजरीवर आमचे बोट नाही. गायरान वाचवा म्हणत आधी त्यांच्या झोपडीवर आणि कधीच हॉटेलावर न जाणारी मोहीम आम्ही ओळखतो. आपल्या गावच्या गायरानाचा गट नंबर किती, सातबाऱ्यावर एकर किती आणि जागेवर शिल्लक किती, हे तलाठ्याकडून उतारा काढून ग्रामसभेत वाचून दाखवावे. पाळी लावावयाची तर आधी जमीन शिल्लक पाहिजे.

दसरा तोंडावर आला आहे. महिन्याभरात वाडे हलू लागतील. ज्यांना यंदा आपल्या रानात मेंढरे बसवावयाची आहेत त्यांनी बैठक संपल्यावर जाऊ नये. समोरच्या कमानीपाशी थांबावे. चौघे धनगर बंधू आज मुद्दाम आले आहेत. किती रात्री, वाघर कोठून कोठे सरकणार, पाणी कोणाच्या विहिरीचे, धान्य किती द्यावयाचे आणि रोख किती, फवारणी कधी झाली आहे, हे समोरासमोर बोलून कागदावर लिहून घ्यावे. कागद आणि शाई आम्ही आणली आहे.